युसूफ मास्तरांचे पांढरे मोजे

दवाखान्यात काम करणाऱ्याला माणसं आधी तुकड्या-तुकड्यांनी भेटतात. कुणाचा दंड, कुणाची पाठ, कुणाचा सुजलेला गुडघा. युसूफ मास्तर मला पायांकडून भेटले.

मे महिना होता. संध्याकाळचा दवाखाना उघडून मी ड्रेसिंगचं सामान लावत होते, तेवढ्यात दारात एक लाल कोट येऊन उभा राहिला. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं, काखेत टोपी. एका हातात काळी लांबट पेटी, दुसऱ्या हातात बूट. एका पायात जोडीचा बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा. जळगावच्या त्या उन्हात असा पोशाख घालून माणूस शुद्धीत कसा राहतो, हाच प्रश्न मला आधी पडला.

"सिस्टर," हातातला बूट माझ्यासमोर धरून ते म्हणाले, "या बुटमा रगत कोनं शे, देखा बरं जरा."

थट्टा करत असतील असं वाटलं. पण ते खरंच विचारत होते. मी बुटात बघितलं. तळातून एक बारीक खिळा वर आला होता. खाली बघितलं, तर काळा नायलॉनचा मोजा पंज्यापाशी ओला होऊन पायाला चिकटलेला. नशिराबादच्या लग्नात त्यांनी दुपारची सगळी मिरवणूक चालून वाजवली होती. खिळा शिरला कधी, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. बूट काढताना हात लाल झाला, तेव्हा त्यांना वाटलं, बँडमधल्या पोरांपैकी कुणाला तरी लागलं असेल.

डॉक्टर बाईंनी जखम पाहिली. मग त्यांना डोळे मिटायला सांगून तळपायाला ठिकठिकाणी नायलॉनचा ताठ, बारीक दोरा टोचला. "लागलं की सांगा, मास्तर."

"हो, सांगतो ना. लावा तुम्ही आता."

बाईंचं तोवर सगळं टोचून झालं होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मास्तर डोळे मिटून, तोंडभर हसू घेऊन, दोरा टोचायची वाट बघत बसले होते.

मास्तरांना साखर होती, हे सगळ्या बँडला माहीत होतं. गोळ्यांचं त्यांचं म्हणणं एवढंच, की लग्नसराई संपली की घेऊ. जळगावात लग्नसराई संपली की ते धुळ्याकडची लग्नं घेत, आणि ती संपली की इकडची पुन्हा सुरू होत. बाईंनी सरळ सांगितलं, "पायाची जाणीव गेलीय. ही जखम चिघळली तर बोट जाईल, कदाचित त्याहून जास्त. ती भरेपर्यंत चालायचं नाही. पुढे मिरवणुकीत चालायचं की नाही, ते नंतर बघू."

मास्तरांचं हसू तिथे पहिल्यांदा उतरलं. "बाई, मी काय खुर्चीत बसून वाजवू? वरात पुढे जाते. क्लॅरिनेट मागे राहून कसं चालेल?"

त्यांचं घर आमच्या दवाखान्याच्या मागच्या बोळात होतं. ड्रेसिंगच्या खोलीची खिडकी त्यांच्या जिन्यासमोरच उघडायची, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस मी त्यांना येता-जाता बघत आले. साठीच्या आसपासचा, काटकुळा, मिशीला मेंदी लावणारा माणूस. भाषा तीन. अनोळखी माणसाशी नीटस मराठी, घरात हिंदी, आणि आनंद झाला किंवा गडबडले की धुळ्याकडची अहिराणी. जगातल्या सगळ्या गोष्टींची त्यांनी दोनच खात्यांत वाटणी केली होती, सुरात आणि बेसूर. चहा बेसूर व्हायचा. नवा जावई सुरात होता. आमच्या दवाखान्याचा पंखा बेसूर होता, आणि तो कोणत्या स्वरात कुरकुरतो ते ते वाजवून दाखवत. ड्रेसिंग उघडताना मी काही बोलायच्या आधीच विचारायचे, "काय सिस्टर, सुरात शे ना?"

पाऊस अर्ध्यावर आला तेव्हा जखम भरली. बाईंनी अटी घातल्या. टोकाला रुंद बूट. मऊ मोजे, घट्ट इलॅस्टिक नाही, आत जाड शिवण नाही, घाम धरून ठेवणारे नाहीत. आणि रोज रात्री तळपाय आरशात बघायचे.

बूट रुंद घ्यायचे, याचंच त्यांना जास्त दुःख झालं. आयुष्यभर ते एक नंबर लहान बूट घालत आले होते. निमुळता पाय साहेबी दिसतो म्हणून.

मोज्यांसाठी त्यांनी मला बरोबर नेलं. मार्केटमध्ये होजिअरीचं दुकान होतं, आणि गल्ल्यावर प्रकाश नावाचा बोलका तरुण. त्याने सुती काढले, नायलॉनचे काढले आणि शेवटी अभिमानाने एक जोडी समोर ठेवली. "चाचा, हे बघा. बांबूचे."

मास्तरांचे डोळे चमकले. क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची पत्ती बांबूच्या भावकीतल्या बोरूची असते. पत्ती निवडताना ते ती नखाने वाजवून, उजेडात धरून, जिभेवर ठेवून बघत. इथे जिभेचं काम नव्हतं, पण बाकी सगळं त्यांनी केलं. मोज्यात हात घातला. उलटा केला. बोटांच्या टोकाशी शिवण कुठे आहे, ती अंगठ्याने शोधली. एका मोज्यात ती दोरीसारखी उभी होती, तो बाजूला ठेवला. दुसऱ्यात सपाट होती, हाताला लागेना, तो जवळ घेतला. मग त्याचा वरचा काठ मनगटात चढवला आणि तसेच बसून राहिले.

"चाचा, काय करताय?" प्रकाशने विचारलं.

"चहा मागव. तोवर बघतो, वळ उठतो का."

चहा आला, पिऊन झाला. मास्तरांनी मोजा उतरवून मनगट मला दाखवलं. वळ नव्हता. "सुरात!"

प्रकाशला वाटलं, सौदा पक्का झाला. म्हणाला, "इतका मऊ आहे चाचा, की पायात घातलाय हे कळणारच नाही."

"भाऊ," मास्तर म्हणाले, "माले तर बुटमा खिळा शिरना तेबी कळना नही. मऊपणा माले नको, पायले कळाले पाहिजे."

मी लेबल वाचलं. बांबूचा धागा बराचसा, थोडा सुती, थोडा नायलॉन, चिमूटभर इलॅस्टिक. मास्तर हिरमुसले. "पूर्ण बांबू नाही?"

"पूर्ण असता तर दोन धुण्यांत पिशवी झाली असती त्याची," प्रकाश म्हणाला. "आकार धरायला नायलॉन लागतोच. पण ह्यात घाम टिकत नाही, वास येत नाही, जंतू तर जवळसुद्धा..."

"जंतूंचं राहू दे," मी म्हटलं. "बांबूचा लगदा करून त्याचा धागा काढतात, जादू नाही त्यात. मऊ आहे, घाम शोषतो, एवढं पुरे. धुवायचा मात्र रोज."

रंगावरून पुन्हा थांबलो. प्रकाशने काळे काढले होते, बँडच्या पोशाखाला शोभणारे. मी पांढरे मागितले. पायातून रक्त किंवा पाणी आलं तर पांढऱ्यावर लगेच दिसतं. मास्तर विचारात पडले. मग काळी जोडी स्वतःच मागे सारली.

बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या सलीमने ते पाहिलं आणि पोट धरून हसला. "मास्तर, लाल कोट, त्याच्याखाली पांढरे पाय! कोंबडा दिसाल!"

"कोंबडा तर कोंबडा," मास्तर म्हणाले. "बठ्ठा गावले जागं करस ना तो?"

मोजे आले खरे, पण पहिली जोडी घरातच गारद झाली. मास्तरांची बायको, रशिदा चाची, कपड्यांच्या बाबतीत कडक. गरम पाण्यात सोडा, दगडावर धोपाटणं, पीळ आणि मग गच्चीवरचं ऊन. तिच्या हातून चादरी निघत त्या कोऱ्या कागदासारख्या. मोजे निघाले ते गोळे आलेले, काठ सैल पडून घोट्यावर लोळणारे. मास्तर ते हातात घेऊन दवाखान्यात आले, जसं काही एखादं पिल्लू पडलंय घरट्यातून.

मी लेबलावरच्या खुणा समजावल्या. गार पाणी, सौम्य साबण, ब्लीच नाही, कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणीही नाही, कारण त्याने धागा घाम शोषेनासा होतो. उलटा करून धुवायचा, घाम आणि मळ आतल्या अंगाला असतो. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. वाळवायचा सावलीत.

हे सगळं त्यांनी घरी जाऊन चाचीला सांगितलं. खिडकीतून मला उत्तर ऐकू आलं.

"चालीस साल से तुम्हारे कपडे धो रही हूँ! अब मोजे के लिए मुझे सिखाओगे? तुम्हारे मोजे अब तुम ही धोना!"

आणि मास्तर खरंच धुवायला लागले. सकाळी जिन्याच्या पायरीवर तसराळं घेऊन बसत. साबण लावताना बोटं अशी चालत की मोज्यावर क्लॅरिनेटच्या चाव्या आहेत असं वाटे. टॉवेलात दाबून झालं की जिन्याखालच्या दोरीवर पंज्याकडून चिमटा लावत. काठाकडून टांगला तर ओझ्याने काठ सैल पडतो, हे त्यांचं स्वतःचं निरीक्षण. चाची वरून बघायची. आधी रागाने बघायची, मग नुसतीच बघायची. एके दिवशी पाहिलं, तर ती जिन्यात बसून वाळलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती आणि मास्तर शेजारी बसून तिला नवी चाल ऐकवत होते.

त्या हिवाळ्यात मास्तरांनी वाजवलं, पण बँडच्या ढकलगाडीवर बसून. बाईंनी तेवढीच परवानगी दिली होती. लोक म्हणत, वाजवणं तेच आहे. मास्तर म्हणत, बेसूर आहे. "मिरवणूक पायातून समजते, सिस्टर. पोरं थकली की पावलं जड होतात, मी चाल उचलतो. गाडीवर मला काहीच समजत नाही."

पायाला काहीच समजत नाही असा माणूस हे बोलत होता.

दर आठवड्याला ते पाय दाखवायला येत राहिले. गोळ्या वेळेवर, साखर आटोक्यात, कातडी मऊ, एक भेग नाही. येताना बँडमधल्या कुणाला तरी धरून आणत. कुणाच्या बोटांत चिखल्या, कुणाच्या टाचेला फोड. हळूहळू सगळ्या बँडच्या पायांत पांढरे मोजे आले. ज्या टेम्पोतून ते लग्नांना जात, त्यात पूर्वी बूट काढायला बंदी होती म्हणे. ती आता उठली. मास्तर त्याचं श्रेय बांबूला देत आणि मी रोजच्या धुण्याला. हा वाद आमच्यात कधीच मिटला नाही.

एप्रिलमध्ये माझ्या चुलतभावाचं, अमोलचं, धुळ्याला लग्न निघालं. बँड मास्तरांचाच ठरला. धुळं त्यांचं जन्मगाव. त्यांनी बाईंपुढे हात जोडले. "या एका लग्नात चालू द्या. माझ्या गावात गाडीवर बसून जाऊ?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पायांकडे. "निम्म्या वाटेत थांबायचं. बूट काढून पाय बघायचे. मोजे ओले झाले असतील तर बदलायचे. वरात कितीही रंगात असो. सिस्टर बघतील."

संध्याकाळी मिरवणूक निघाली. ऊन उतरलं होतं, डांबराची धग उतरली नव्हती. मास्तर सगळ्यांच्या पुढे उभे राहिले, टोपी सारखी केली आणि पहिला सूर लावला. तो सूर एवढा लांबवला की गच्च्यांवर माणसं आली. मग पाऊल उचललं. मागे लाल कोटांच्या दोन रांगा, खाली सगळ्यांचे पांढरे पाय एका तालात पडत होते. कोंबड्यांचा एवढा देखणा थवा मी कधी पाहिला नव्हता. जुन्या ओळखीची माणसं दुकानांतून "मास्तर! युसूफ मास्तर!" अशा हाका मारत बाहेर आली. अमोलच्या मित्रांनी त्याला जीपमधून खाली ओढलं. माझ्या सगळ्या आत्या-काकू नाचत होत्या. आणि नाच अगदी टिपेला पोचला असताना क्लॅरिनेट थांबलं.

पाठोपाठ ढोल थांबला. मास्तर एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसले होते आणि बुटाच्या नाड्या सोडत होते.

भडगावहून आलेल्या आमच्या शांता अक्का तरातरा पुढे आल्या. त्या माझी नि अमोलची थोरली आत्या, आणि घरातलं कुठलंही कार्य त्यांच्याच आवाजावर चालतं.

"काय रे भाऊ, हे काय मांडलंस भर रस्त्यात? भन्तेजी येऊन बसलेत तिकडे!"

"अक्का, पाच मिनिटं. डॉक्टर बाईंचा हुकूम आहे."

"पाय दुखतो का?"

"तोच तर घोळ आहे. दुखत नाही."

अक्कांचा आवाज एकदम खाली आला. "मलाही नाही कळत," त्या म्हणाल्या. "परवा चप्पल पायातून निघाली, मी तशीच अनवाणी घरी पोचले. सूनबाईने सांगितलं तेव्हा कळलं."

आणि ज्या बाईला वरात पुढे काढायची घाई होती, ती मास्तरांच्या शेजारी ओट्यावर बसली. मास्तरांनी मोजा उलटा करून तिच्या हातात दिला. शिवण दाखवली, काठ मनगटात चढवून दाखवला, पंज्याकडून टांगायचं सांगितलं. मी खाली बसून मास्तरांचे तळपाय बघितले. कोरडे, स्वच्छ. नवीन मोजे चढवले. मग अक्कांनी स्वतःचे पाय पुढे केले. मी तेही बघितले. टाचेच्या भेगेत एक बारीक काच होती. चिमटा नव्हता, सलीमच्या ढोलाची दोरी आवळायला ठेवलेली सुई दुकानातल्या स्पिरिटने पुसून घेतली आणि ती काच काढली. अक्कांनी "हं" सुद्धा केलं नाही. बघून मात्र डोळे पुसले.

"अक्का, सुरात व्हई सगळं," मास्तर म्हणाले. "मना पाय देखा. गेल्या सालले डॉक्टर बाई बोट काढाले निंघनी व्हती."

तेवढ्यात नवरदेव लंगडत आला. नव्या कोऱ्या मोजड्यांनी त्याच्या दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या, आणि ही गोष्ट तो मघापासून हसऱ्या चेहऱ्यामागे लपवत होता. मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून आणखी एक जोडी काढली.

"घाल. धुतलेली शे."

"मास्तर, मोजडीत मोजे?"

"तुझा पोशाख पांढरा, मोजे पांढरे. कोण बघतंय?"

सगळ्यांनी बघितलं. मंडपात बुद्धमूर्तीसमोर फुलं वाहायला अमोलने मोजड्या काढल्या आणि वधूच्या शेजारी तो पांढऱ्याशुभ्र मोज्यांत उभा राहिला. वधूने खाली बघितलं आणि ओठ दाबले. त्रिसरण म्हणताना तिचे खांदे हलत होते. फोटोंत ते मोजे इतके ठळक आलेत की अजून घरात कुणी तो अल्बम काढला, की पहिली चर्चा त्यांचीच होते.

मिरवणुकीचा उरलेला अर्धा रस्ता मास्तर कसे वाजवत गेले, ते मला सांगता येणार नाही. अक्का त्यांच्यापुढे उलट्या पावलांनी नाचत होत्या, इतकंच आठवतं.

त्यानंतर मास्तर तीनेक लग्नसराया चालले. मग एका थंडीत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा रशिदा चाचीने मला जवळ बसवलं. मग माझा हात धरून म्हणाली, "दसों उँगलियाँ साबूत लेके गये." आणि रडता रडता तिला त्याचं हसू आलं. मलाही आलं.

मास्तरांना रस्त्यावर वाजवताना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधीच्या उन्हाळ्यात. यावलहून मी बसने परतत होते. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, सूर्य पानांच्या मागे गेलेला, आणि बस अचानक कासवाच्या चालीने जायला लागली. खिडकीतून डोकं काढलं. पुढे रस्त्याच्या कडेला बँडचा टेम्पो एका बाजूला कलून उभा होता, चाक निघालेलं. मळ्यातून कामावरून परतणाऱ्या बाया डोक्यावरची ओझी खाली ठेवून थांबल्या होत्या. आणि मास्तर वाजवत होते. लग्न नव्हतं, वरात नव्हती, सुपारी कुणाची नव्हती. चाक बसेपर्यंत रिकामं कसं बसायचं, एवढंच असणार. लाल कोट काढून कुणाच्या तरी हातात दिला होता, बाह्या वर सारल्या होत्या. दोघी-तिघी बाया पदर खोचून नाचायला लागल्या होत्या, बाकीच्या टाळ्या देत होत्या.

आमच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. मास्तरांनी मागे न वळता तोच हॉर्न क्लॅरिनेटवर हुबेहूब वाजवला. बसमधले सगळे हसले. ड्रायव्हरने पुन्हा दिला, त्यांनी पुन्हा वाजवला, या वेळी शेपटीला एक गिरकी जोडून. मग वाजवता वाजवताच ते दोन पावलं कडेला सरले, नाचणाऱ्या बायांना हाताने इकडे या म्हणाले आणि बसला वाट करून दिली. मी "मास्तर!" अशी हाक मारली. त्यांना ती ऐकू गेली नसावी. गाल फुगलेले होते, डोळे मिटलेले होते, आणि उजवा पाय रस्त्याच्या धुळीत ताल धरत होता.